पुरी दोन मिनिटं

आमचे व्याही मेजर नव्हते. हे आधी सांगून टाकतो. कारण ते गेल्यावर चौफुल्यापासून भांडगावापर्यंत जे फ्लेक्स लागले, त्या सगळ्यांवर 'मेजर' लिहिलं होतं. एका फ्लेक्सवर तर त्यांच्या फोटोच्या मागं विमान उडताना दाखवलं होतं. माणूस तोफखान्यात होता. विमानात उभ्या जन्मात बसला नाही. दौंडच्या स्टेशनावरून रेल्वेनं फौजेत गेला आणि पेन्शनीत निघाला तेव्हा दौंडच्याच स्टेशनावर ट्रंक घेऊन उतरला.

ते हवालदार म्हणून रिटायर झाले. सुरुवातीला कुणी मेजर म्हटलं की लगेच थांबवायचे, "मेजर न्हाई. हवालदार." पण आमच्याकडं हवालदार म्हटलं की लोकांना पोलीसच आठवतो. कुणाची शेळी चोरीला गेली, कुणाचा बांध कोरला, जो तो त्यांच्या दारात यायला लागला. एक बाई नवऱ्याची कॉलर धरून घेऊन आली. म्हणाली, "घ्या, आत टाका ह्याला."

हे म्हणाले, "बाई, आत टाकायला माझ्याकडं म्हशींचा गोठा हाय."

बाई म्हणाली, "चालंल."

तेव्हापासून त्यांनी मेजर म्हणवून घ्यायला हरकत घेतली नाही. मग मीही मेजरच म्हणतो.

मी शिरूर तालुक्यातला, केंदूरचा. मेजर दौंड तालुक्यातले. भांडगावच्या अलीकडं हायवे सोडून आत गेलं की त्यांची वस्ती. माझी मुलगी त्यांच्या धाकट्याला दिली. माझं शिक्षण चौथी आणि कांद्याच्या गोणीवर नाव घालण्यापलीकडं मी कधी काही लिहिलेलं नाही. तरी लिहितो. फ्लेक्सवर जे लिहिलं होतं ते वाचून राग आला म्हणून लिहितो.

मुलगी बघायला आले तेव्हाच मला कळलं होतं की ह्या माणसाचं काहीतरी वेगळं आहे. पोहे झाले, चहा झाला. त्यांच्याकडच्या बायांनी नाव विचारलं, शिक्षण विचारलं, स्वयंपाक येतो का विचारलं. मेजर तोवर गप्प. मग एकदम म्हणाले, "पोरी, घराला आग लागली तर पयलं काय करशील?"

आमच्या बायकोनं मागून मला चिमटा काढला. "काय अभद्र बोलतोय हा माणूस. उठवा त्यांला."

मुलीनं जरा विचार केला आणि म्हणाली, "पायात चपला घालीन."

"का?"

"अनवाणी कुठवर पळायचं?"

मेजरनी मांडीवर अशी थाप मारली की माझ्या बशीतला चमचा उडाला. "पास! रंगरुटांना हेच सांगून सांगून माझा घसा बसला. एकाला कळलं असंल तर शप्पथ. ठरलं आपलं!" नवरा मुलगा खाली मान घालून बसला होता. त्याला कुणी काही विचारलंच नाही.

त्यांचा आवाज मोठा होता. तोफेनं डावा कान गेला होता. "डावा सरकारला दिला, उजवा घरच्यांला ठेवलाय," असं म्हणायचे. आपण मोठ्यानं बोलतो हे त्यांना कधी पटलं नाही. मुलीच्या लग्नातली गोष्ट. पहिली पंगत बसलेली. मेजर माझ्या कानाशी वाकले आणि त्यांच्या हिशोबानं हळूच म्हणाले, "पाव्हणं, भात कच्चा ऱ्हायलाय. कुणाला सांगू नका." अख्ख्या मांडवानं भात बाजूला सारला. आचारी भांडी टाकून निघून चालला होता, त्याला माझ्या मेव्हण्यानं हातापाया पडून परत आणला.

त्यांच्या घरी रोज सकाळी शिट्टी वाजायची. अंधार फिटला की मेजर गोठ्यापुढं उभे राहून शिट्टी फुंकणार आणि घरातल्या सगळ्यांनी ओळीत येऊन उभं राहायचं. दोन मुलगे, दोन सुना, नातवंडं, आणि कुत्रं. कुत्रं सगळ्यांच्या आधी यायचं. मग आज कुणाची ड्यूटी काय ते मेजर सांगायचे. धारा कोण काढणार, पाणी कोण धरणार, भांडी कोण घासणार. भांड्यांची ड्यूटी मुलग्यांनाही यायची. ह्यावरून त्यांच्या गावात फार बोललं गेलं. आमची बायको पहिल्यांदा लेकीकडं जाऊन आली ती हसतच घरात शिरली. म्हणाली, "आवं, जावई राखेनं तवा घासत होता! आन् काय लख्ख घासतो!" आणि माझ्या हातातल्या ताटाकडं बघत उभी राहिली. मला त्या मेजरचा पहिला राग आला तो त्या दिवशी.

त्या ओळीत फक्त एक माणूस कधी उभं राहिलं नाही. विहीणबाई. त्या ओट्यावर बाजेवर बसून चहा प्यायच्या आणि सगळी परेड बघायच्या. मेजरचं बोलणं लांबलं की कप खाली ठेवून म्हणायच्या, "बास करा आता. सोडा समद्यांना. म्हशी खोळंबल्यात."

की मेजर वळणार, टाच आपटणार, विहीणबाईंना कडक सॅल्यूट ठोकणार आणि म्हणणार, "जी साहेब!" मग सगळे पांगायचे. एवढा दरारा असलेला माणूस, पण ती बाई म्हटल्याशिवाय परेड कधी सुटली नाही आणि तिनं म्हटल्यावर कधी लांबली नाही.

मी एकदा विहीणबाईंना विचारलं, "तुम्हाला कंटाळा येत न्हाई का हो ह्येचा?"

त्या म्हणाल्या, "फौजेत व्हते तवा वर्षातनं एकदा तोंड दिसायचं. आता रोज सकाळी दिसतंय तर दिसू द्या की. शिट्टी वाजिवत्यात, बंदूक तर न्हाई ना."

सुनांना माहेरी जायचं असलं की मेजर 'रजा' द्यायचे आणि स्वतः स्कूटरवरून पोचवायला यायचे. डोक्यात हेल्मेट. आमच्याकडं हेल्मेट कोण घालतं? मेजर उसात पाणी धरायला जातानाही घालायचे. एकदा आमच्या बायकोचा दात दुखायला लागला. मेजर नेमके आलेले. म्हणाले, चला, शिरूरला डॉक्टरकडं नेतो. पण हेल्मेट घातल्याशिवाय गाडी सुरू करीनात. ती म्हणाली, "म्या घागर डोक्यावर घेते, डोकं घागरीत घालत न्हाई." शेवटी डोक्यावर पदर, पदरावर हेल्मेट, अशी गेली. सगळ्या रस्त्यानं बोलत गेली. मेजरचा चांगला कान उजवा, ती डाव्या बाजूला तोंड करून बसलेली. शिरूर येईपर्यंत तिनं त्यांना जे जे सुनावलं त्यातलं एक अक्षर त्यांना ऐकू गेलं नाही. परत आल्यावर मला म्हणाले, "तुमची मंडळी लई शांत हायत."

मुलगी पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडं आली तेव्हा रोज सकाळी मेजरचा फोन यायचा. फोन उचलला की रामराम नाही, काही नाही. "नफरी किती?" फौजेत माणसांच्या हजेरीला नफरी म्हणतात. आम्ही तिघं होतो. मी म्हणायचो, "तीन." "समदे हजर?" "समदे हजर." फोन बंद. नातू झाला त्या सकाळी मी म्हणालो, "चार." तिकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला आणि मग, "समदे हजर?"

लढाईचं मात्र ते बोलायचे नाहीत. बांगलादेशच्या वेळच्या लढाईत होते एवढं सगळ्यांना माहीत. पोरं विचारायची, आजोबा, किती मारले? मेजर म्हणायचे, "डास लई मारले." एका वर्षी गावच्या शाळेनं झेंडावंदनाला त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. मास्तरांनी ओळख करून देण्यातच पोरांना उन्हात पार सुकवलं. मेजर उठले, माइक बाजूला सारला, त्यांना माइकची काय गरज, आणि म्हणाले, "लढाई वाईट असती. पाय कोरडे ठेवा. बसा." संपलं भाषण. पोरांनी टाळ्या वाजवल्या त्या अजून कुठल्या पाहुण्याला मिळाल्या नसतील.

भाषणांवरून आठवलं, आणि खरं तर मला तेच सांगायचं आहे.

आमच्या शिरूर-दौंड भागात माणूस गेला की दहाव्याला भाषणं होतात. बाहेरच्याला हे खरं वाटत नाही. नदीकाठी मांडव, खुर्च्या, स्पीकर. एका बाजूला पिंडाचा विधी चाललेला, दुसऱ्या बाजूला महाराजांचं प्रवचन. ते झालं की श्रद्धांजली. कारखान्याचे आजी संचालक, माजी संचालक, भावी संचालक. प्रत्येकजण बोलणार. मेलेला माणूस शाळेच्या वाटेला गेलेला नसला तरी शिक्षणप्रेमी होतो. आयुष्यभर भावाशी कोर्टात भांडलेला असला तरी कुटुंबवत्सल होतो. शेवटी सूत्रसंचालक म्हणतो, "आता सर्वांनी जागेवर उभं राहून दोन मिनिटं स्तब्धता पाळावी." लोक गुडघ्यावर हात ठेवून अजून उठतायत तोवर तो म्हणतो, "ओम शांती, शांती, शांती." झाली दोन मिनिटं. म्हातारी माणसं तर उठायचीच नाहीत. उठेपर्यंत बसायची वेळ येते, मग उठा कशाला?

ह्यात कुणाला काही वाटत नव्हतं. मलाही नाही. पुढाऱ्यांना एका सकाळी तीन-तीन दहावी असतात.

पहिल्यांदा मेजरनी ते अडवलं तेव्हा मी तिथं होतो. त्यांच्या गावातल्या एका म्हाताऱ्याचं दहावं होतं. गरीब माणूस, जन्मभर लोकांची मेंढरं राखली. सूत्रसंचालक 'ओम शांती' म्हणाला आणि पहिल्या ओळीतले पुढारी वळले. तेवढ्यात मागून तोफ उडाली.

"जिथं हाय तिथं!"

सगळे थिजले. मेजर सावधानमध्ये उभे. मनगटावर त्यांचं जुनं चावीचं घड्याळ, त्यावर नजर. "दोन मिनिटं म्हणला न्हवं? अजून व्हायचीत."

एका पुढाऱ्याचा एक पाय चपलेत, एक बाहेर. तसाच उभा. कुणी खोकलं तरी मेजरची मान तिकडं वळायची. कुणाचा तरी मोबाइल वाजला आणि त्यानं तो पाण्यात बुडवावा तसा खिशात दाबला. दोन मिनिटं काय असतात ते आम्हाला त्या दिवशी कळलं. लई मोठी असतात. मेलेल्या म्हाताऱ्याचा चेहरा आठवून संपतो, त्याची मेंढरं आठवून होतात, त्याची खोकायची लकब आठवते, तरी मिनिटं उरतात. मग मेजर म्हणाले, "विश्राम," आणि सगळे खाली बसले. त्या म्हाताऱ्याची बायको लांब बसली होती. तिनं मेजरकडं बघून नुसते हात जोडले.

तिथून हे सुरूच झालं. मेजर ज्या दहाव्याला, तिथं दोन मिनिटं पुरी. सूत्रसंचालक आधी मांडवात नजर फिरवून घ्यायचे. एकानं हुशारी केली, "एक मिनिट स्तब्ध राहू या," म्हणाला. मेजर म्हणाले, "रेट पाडू नका." पुढाऱ्यांचे ड्रायव्हर गाडीतून उतरतानाच विचारायचे, "मेजर आल्यात का?" आले असले तर पुढारी भाषण आटोपशीर करायचा. तेवढा तरी फायदा झाला.

मी एकदा त्यांना विचारलं. असंच कुणाच्या तरी दहाव्याहून येत होतो, चौफुल्याला हॉटेलात चहाला थांबलो होतो. गर्दी होती. म्हटलं, "मेजर, लोक हसत्यात तुम्हाला. एवढं कशापाई?"

त्यांनी आजूबाजूला बघितलं, माझ्याजवळ सरकले, आणि हळू आवाजात सांगायला लागले. म्हणजे त्यांच्या हळू आवाजात.

"तोफेवर आम्ही जोडीनं व्हतो. साताऱ्याकडचा पोरगा. गाणी म्हणायचा, लई वाईट म्हणायचा. तो गेला माझ्या शेजारी. पण तोफ थांबवायला हुकूम न्हवता. त्याला ओढून बाजूला निजवला आन् त्याच्या जागी दुसरा हुबा ऱ्हायला. मी गोळं देत ऱ्हायलो. मागं वळून बगायला सवड न्हवती. आमच्यातल्या एकाकडं बी दोन मिनिटं न्हवती, पाव्हणं." त्यांनी चहा बशीत ओतला. "आता हायती ना? मग चोरायची कशाला?"

मी वर बघितलं. अख्खं हॉटेल गप्प झालं होतं. भज्यांच्या कढईपुढच्या माणसानं झारा हवेत धरला होता. एक ट्रकवाला घास हातात घेऊन थांबला होता. मेजरना वाटत होतं, आपण फक्त मला सांगतोय. त्यांनी चहा संपवला, हेल्मेट घातलं आणि म्हणाले, "कुणाला बोलू नका हे."

मग माझी बायको गेली.

त्याबद्दल मी फार लिहिणार नाही. तीन दिवसांचा ताप झाला आणि गेली. ती बोलायची. सकाळी उठल्यापासून बोलायची, म्हशीशी बोलायची, झोपेत बोलायची. देवळात जायची ती निम्मी पुजाऱ्याशी भांडायला जायची. आणि तिच्या दहाव्याला जो पुढारी आला, तो आधी रस्त्याच्या डांबरीकरणावर बोलला, मग येत्या निवडणुकीवर बोलला आणि मग म्हणाला, "माउली अत्यंत मितभाषी होत्या."

मी शेजारी बसलेल्या मेजरना विचारलं, "काय म्हणाला?"

मेजरनी कानात सांगितलं, "कमी बोलायच्या म्हणतोय! ह्यो कुणाच्या दहाव्याला आलाय?"

स्पीकरपेक्षा ते जास्त लांब ऐकू गेलं. बायकांच्या बाजूला पदर तोंडाला लागले. पुढाऱ्यानं घाईनं आवरतं घेतलं आणि सूत्रसंचालक दोन मिनिटं म्हणाला.

उभा राहिलो. ती गेल्यापासून घरात माणसांची रीघ होती. रडणारे, सांत्वन करणारे, चहा करणारे. मला सगळे म्हणत होते, रडून घ्या, मोकळे व्हा. मला येत नव्हतं रडायला. आता पहिल्यांदा सगळे गप्प झाले. नदीवरची एक पाण्याची मोटार तेवढी लांब चालू होती. आणि मला वाटलं, आमच्या लग्नापासून एवढी लांब शांतता मी कधी ऐकलीच नव्हती. ती असती तर म्हणाली असती, काय मुक्यावानी उभं ऱ्हायलाय सगळे. मितभाषी! मला हसू आलं. दाबलं तर जास्त आलं. बायकोच्या दहाव्याला म्हातारा हसतोय, लोक बघायला लागले. मग ते हसू कधी फिरलं मला कळलं नाही. जे व्हायला पाहिजे होतं ते झालं. मी लहान पोरासारखा हुंदके देत उभा राहिलो.

सूत्रसंचालकानं घसा खाकरला. मेजरनी त्याच्याकडं न बघता पंजा वर केला. तो गप्प. लोकांचे पाय दुखायला लागले असतील. एक-दोघं काठीवर झुकले. मेजर हलले नाहीत, घड्याळावरची नजर काढली नाही. माझं सगळं संपून मी उपरण्यानं तोंड पुसलं तेव्हा ते म्हणाले, "विश्राम."

लोक अजून सांगतात, त्या दिवशी मेजरचं घड्याळ बंद पडलं होतं. मी शेजारी होतो. काटा चालू होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. "नफरी किती?"

माझा मुलगा पुण्याला कामाला. तो त्याच सकाळी गेला होता. मी म्हणालो, "एक."

"हजर?"

मी चुलीकडं बघितलं. "हजर."

फोन बंद. त्यानंतर रोज. पाऊस असो, लाइट गेलेली असो. फोन उचलायचा म्हणून मी उठायचो, आणि उठलोच आहे तर चूल पेटवायचो.

मागच्या उन्हाळ्यात मेजर आले ते हेल्मेट हातात घेऊन आले. डोक्यात घातलं की मान दुखते म्हणाले. आम्ही पडवीत शेंगा फोडत बसलो. म्हणाले, "पाव्हणं, माझ्या दहाव्याला थोरला भाषणं ठेवणार. ठेवू द्या. त्याला सोसायटीला उभं राह्यचंय. पण दोन मिनिटं चोरू दिऊ नका."

मी म्हटलं, "मी व्याही माणूस. तुमच्या गावात माझं कोण ऐकणार?"

"म्हणून तर तुम्हाला सांगतोय. गावातल्या परत्येकाला कुणाची तरी मतं पाह्यजेत. तुम्हाला काय पाह्यजे?"

"आन् मीच आधी गेलो तर?"

"तर मी हाय की. तुमची बी पुरी करून घेतो."

ते गेले त्या सकाळी शिट्टी वाजली नाही, आणि शिट्टी वाजली नाही म्हणून घरात कुणी उठलंच नाही. सगळी वस्ती ऊन वर येईपर्यंत झोपलेली. म्हशी ओरडायला लागल्या तेव्हा विहीणबाई उठल्या. कुत्रं तेवढं गोठ्यापुढं एकटं येऊन बसलं होतं.

दहाव्याला मांडव मोठा होता. माझी मुलगी सकाळी मांडवातच माझ्याकडं आली आणि मेजरचं घड्याळ माझ्या हातात दिलं. "आबा, हे तुम्ही बांधा. मामंजी म्हणालते." मी बांधलं. माझ्या मनगटावर ते ढिलं होत होतं.

भाषणं झाली. तालुक्याचे एक पुढारी बोलले. फ्लेक्स त्यांचाच असणार, कारण ते म्हणाले मेजरसाहेबांनी आभाळातून शत्रूची दाणादाण उडवली. थोरला मुलगा पांढऱ्याशुभ्र कडक कपड्यात पुढाऱ्याच्या मागं उभा होता. सूत्रसंचालकानं मांडवभर नजर फिरवली. ही त्याची सवयच झाली होती. मग त्याच्या लक्षात आलं असावं, की आता बघायचं कशाला. तो म्हणाला, "दोन मिनिटं उभं राहून..." लोक उठले. आणि पाच-सहा श्वास झाले नसतील तोच, "ओम शां..."

"जिथं हाय तिथं!"

माझा आवाज फुटला. म्हाताऱ्या कोंबड्यासारखा निघाला. पण सगळे थांबले. पुढारी गाडीकडं निघाले होते, ते वळून बघायला लागले. थोरल्यानं माझ्याकडं बघितलं. व्याह्यानं दुसऱ्याच्या कार्यात बोलायचं नसतं, हे मलाही कळतं. मी सावधान उभं राहायचा प्रयत्न केला, गुडघे सरळ होतील तेवढं, आणि घड्याळ डोळ्यांपुढं धरलं.

ते बंद होतं.

चावीचं घड्याळ. मेजर गेल्यापासून त्याला कुणी चावी दिली नव्हती. काटा जिथं थांबला तिथं थांबलेला.

आता सांगायचं कुणी? समोर अख्खं गाव उभं, माझ्याकडं बघतंय. मला वाटलं, अंदाजानं म्हणावं विश्राम. पण अंदाज चुकला आणि कमी पडली तर? ह्या माणसानं आयुष्यात माझ्याकडं एकच गोष्ट मागितली होती. जास्त झाली तर लोकांचे पाय दुखतील. कमी झाली तर मेजरची चोरी होईल. मी उभाच राहिलो. पुढाऱ्याच्या ड्रायव्हरनं चालू केलेली गाडी बंद केली. वारा मांडवाचं कापड उचलत होता आणि सोडत होता. दोन मिनिटं कधीच झाली असतील. चार झाली असतील. कुणी मोबाइल काढून बघितला नाही. सगळ्यांना वाटत होतं, घड्याळ माझ्याकडं आहे.

थोरला माझ्याकडं बघत होता. आता तो येईल आणि माझा हात खाली करील, असं मला वाटलं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं, प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून, नेहमीचाच आवाज आला. ना रडका, ना मोठा.

"बास करा आता. सोडा समद्यांना. म्हशी खोळंबल्यात."

मांडवात कुणाला काही कळलं नाही. घरच्यांना कळलं. माझ्या मुलीनं तोंडावर हात दाबला. आणि थोरला, तो पांढऱ्या कपड्यातला, निवडणुकीला उभा राहणारा, पुढाऱ्याकडं पाठ करून वळला. टाच आपटली. नदीच्या वाळूत टाचेचा आवाज होत नाही, पण आपटली. आईला कडक सॅल्यूट ठोकला आणि अगदी बापाच्या आवाजात म्हणाला, "जी साहेब!"

तेव्हा कुठं मी हात खाली घेतला.